कुत्रं मांजराच्या लिटरबॉक्समध्ये तोंड घालतंय, काय करायचं सांगा की

कळंबेकर:

नमस्कार मंडळी, प्रश्न जरा घाण आहे, जेवत असाल तर नंतर वाचा. आमच्यात भुऱ्या म्हणून लॅब्राडोर कुत्रं आहे, नर, चार वर्षांचा, आणि दिवाळीनंतर ठमी आलीय. ठमी म्हणजे बहिणीची मांजर, बहिणीची पुण्याला बदली झाली आणि तिथला घरमालक मांजर ठेवू देईना म्हणून ती आमच्याकडं. दोघांचं चांगलं जमलंय, त्याचा विषयच नाही, एका सोफ्यावर झोपतात. पण भुऱ्याला लिटरबॉक्सचा, म्हणजे ठमीच्या शी-शूच्या वाळूच्या पेटीचा नाद लागलाय, तिची शी खातोय. ठमी बॉक्समधनं बाहेर पडायचा अवकाश, हा आत गेलाच. आणि मग तोंडाला करडी वाळू लावून येतोय आणि आईच्या पदराला तोंड पुसतोय. आईनं आता जाहीर केलंय की घरात एकतर कुत्रं राहील नाहीतर मांजर, दोन्ही राहणार असतील तर ती मामाकडं गडहिंग्लजला जाणार.

बॉक्स ड्राय बाल्कनीत वॉशिंग मशिनशेजारी आहे. दार बंद ठेवलं तर ठमी पायपुसण्यावर करते. झाकणवाला बॉक्स आणला, तर भुऱ्यानं मुंडकं आत घालून झाकणासकट बॉक्स हॉलभर फिरवला, झाडून काढता काढता जीव गेला. ओरडलं की गपकन गिळतोय आणि वर शेपूट हलवतोय. खायला कमी पडतंय म्हणावं तर वजन ३६ किलो.

कुत्रं हे का करतंय, ह्यानं त्याला काय होईल का, आणि बंद कसं करायचं? बॉक्स हलवायचा म्हटलं तर टू बीएचके आहे, जागा तेवढीच.

तेरावी_गल्ली:

हसू आलं वाचून, पण आमच्यात पण हेच चालायचं त्यामुळं दुःख कळतंय भावा. पहिलं म्हणजे कुत्र्यात बिघाड काही नाही. मांजर पक्कं मांसाहारी जनावर, त्याच्या खाण्यात प्रोटीन आणि फॅट कुत्र्याच्या खाण्यापेक्षा जास्त असतं, त्याचा वास मागनं पण उरतो, आणि लॅबला ते म्हणजे फुकटचा मेवा. शिकवून सुधारेल म्हणून बसू नका, तुम्ही ऑफिसला असताना त्याला कोण शिकवणार? वाट बंद करायची, बास.

तुमचं काम फार सोपं आहे कारण मांजर लहान आणि कुत्रं दांडगं. ड्राय बाल्कनीच्या दाराला हुक आणि साखळी लावा, हार्डवेअरच्या दुकानात मिळते, दार चार-पाच इंचच उघडेल एवढीच लांबी ठेवायची. ठमी तेवढ्यातनं आरामात जाते. भुऱ्याचं नाक जाईल, फार तर डोळ्यापर्यंत तोंड जाईल, छाती जाणार नाही. फक्त दोन गोष्टी ध्यानात ठेवा. साखळी दाराच्या वरच्या टोकाला लावू नका, भुऱ्याच्या खांद्याच्या उंचीला लावा, नाहीतर तो खालनं दार ढकलतो आणि पीव्हीसीचं दार असेल तर वाकून फट मोठी होते. आणि दुसरं, दाराला खालनं लाकडाची पाचर मारून ठेवा, म्हणजे वाऱ्यानं दार आपटून बंद होणार नाही. पावसाळ्यात आपल्याकडं वारं कसं सुटतं माहीतच आहे, दार आपटून ठमी आत अडकली तर नुसती म्यांव म्यांव आणि ती बाहेर अडकली तर परत पायपुसणं.

अजून एक. ठमीचं खाणं दिवसभर वाटीत भरून ठेवत असाल तर ते बंद करा. सकाळ संध्याकाळ ठरलेल्या वेळी द्या, मग तिची जायची वेळ पण बऱ्यापैकी ठरते आणि तुम्ही घरात असतानाच उचलून टाकता येतं. वाटी ओट्यावर नाहीतर खिडकीत ठेवा, लिटरच्या आधी भुऱ्या ती वाटी चाटतोय का बघा एकदा. माझी पैज आहे, चाटत असणार.

बावड्याचा_वाघ:

एवढं काय करत बसताय. लिटरवर कांदा लसूण चटणी भुरभुरवा जरा. एकदा जीभ भाजली की पुन्हा त्या बाजूला फिरकणार नाही. अस्सल कोल्हापुरी इलाज, हाहाहा

शिरवळ_फायनलइयर:

वरचं कृपा करून कुणी करू नका, गंमत म्हणून पण नको. मी मूळची राजेंद्रनगरची, सध्या शिरवळला व्हेटर्नरीच्या शेवटच्या वर्षाला आहे. कांदा आणि लसूण दोन्ही कुत्र्यामांजरांना विषारी आहेत, रक्तातल्या तांबड्या पेशी फुटतात आणि ॲनिमिया होतो, आणि मांजराला तर कुत्र्यापेक्षा कमी खाल्लं तरी होतो. वाळवून कुटलेल्या चटणीत तर पाणी नसतं त्यामुळं चिमटीत पण बराच कांदा असतो. मांजर लिटरमध्ये पाय घालणार आणि मग तेच पाय चाटणार. तिखटानं पाय आणि बुडाची आग होणार ती वेगळीच, आणि एकदा बॉक्समध्ये आग झाली की मांजर त्या बॉक्सला जन्मात पाय लावत नाही, घरभर मुतायला लागतं. म्हणजे कुत्र्याला शिक्षा करायला गेलात आणि भोगलं मांजरानं.

तसंच अजून एक सांगते कारण हे घरोघरी चालतं, बॉक्स फिनेलनं धुवू नका. काळं फिनेल तर अजिबात नको. फिनॉल असलेल्या वस्तू मांजराच्या लिव्हरला नीट पचवता येत नाहीत. गरम पाणी आणि साबण पुरे, नंतर उन्हात वाळवा.

आता मूळ प्रश्न. लॅब का खातात ह्यावर एक खरी माहिती आहे. 2016 साली केंब्रिजच्या संशोधकांनी दाखवलं की साधारण चारातल्या एका लॅबमध्ये पीओएमसी नावाच्या जीनचा तुकडा गळालेला असतो, त्यामुळं पोट भरल्याचा निरोप मेंदूला नीट पोचत नाही. म्हणजे भुऱ्या हावरट आहे हे खरं पण त्याच्या हातात फारसं नाही. मात्र एखादं कुत्रं आधी कधी तोंड घालत नव्हतं आणि अचानक असलं काहीबाही खायला लागलं, सोबत वजन उतरतंय, पाणी खूप पितंय, शी पातळ आणि तेलकट होतीय, तर आधी तपासून घ्या. जंत, डायबेटिस, पॅनक्रियाजचा त्रास ह्यातलं काहीही असू शकतं. स्टेरॉइडच्या गोळ्या चालू असल्या तरी भूक खवळते. तुमचं ३६ किलोचं प्रकरण ह्यात बसत नाही असं दिसतंय, तरी वजन त्याचं थोडं उतरवा.

त्रास काय होऊ शकतो तर जिआर्डिया, साल्मोनेला असले पोट बिघडवणारे जंतू, आणि गोल जंत. आईंच्या पदराला तोंड पुसतोय हे त्यामुळं हसण्यावारी नेऊ नका, साल्मोनेला माणसाला पण होतो. दोघांचं डीवर्मिंग, म्हणजे जंताचं औषध, एकाच वेळी करा, मोठ्या जनावराला साधारण तीन महिन्यांनी देतात, गोळीचा डोस वजनावर असतो म्हणून भुऱ्याची गोळी मोडून ठमीला देऊ नका. आणि कुत्र्याच्या बुडाशी तांदळाच्या दाण्यासारखं काही हलताना दिसलं तर तो चपटा जंत असतो, त्याचा दोष लिटरला देऊ नका, तो पिसवांमधनं येतो. जंताच्या गोळीसोबत पिसवांचं औषध केलं नाही तर महिन्याभरात परत.

मोल्डर_शिरोली:

मी एमआयडीसीत फौंड्रीत असतो, म्हणजे धातू ओतायच्या कारखान्यात, सँड प्लांटला. जनावरांतलं मला काही कळत नाही, पण कळंबेकर, तोंडाला करडी वाळू म्हणालात म्हणून विचारतो, तुमचं लिटर गोळे होणारं आहे का? असेल तर तो बेंटोनाइट आहे. तीच माती आम्ही रोज वापरतो. साच्याची वाळू म्हणजे सिलिका वाळू, त्यात शेकडा सात-आठ बेंटोनाइट, थोडी कोल डस्ट आणि अगदी थोडं पाणी, मिक्सरमध्ये घोळवली की हातात दाबल्यावर लाडू वळतो. तो लाडू वळतो तो बेंटोनाइटमुळं. आमच्याकडं कच्छकडनं येतो, लिटरवाले पण बहुतेक तिकडचाच भरत असणार. पाणी लागलं की फुगतो, चिकटतो, आणि वाळला की घट्ट.

घरात करून बघा, काचेच्या ग्लासात पाणी घ्या, चमचाभर लिटर टाका आणि दहा मिनिटांनी बघा काय झालंय. आईंना पण दाखवा. आणि मग इचार करा की तेच कुत्र्याच्या पोटात गेलं तर. आमच्यात हॉपरमध्ये ओली वाळू अडकली की घण घेऊन ठोकावं लागतंय, कुत्र्याला कुठं ठोकणार?

अजून एक, कोण तरी सांगेलच की फौंड्रीतली वाळू फुकट मिळते ती लिटर म्हणून वापरा. आमच्या गेटवर पण येतात मागायला. वापरू नका. जळलेली वाळू असते, कोळशाची भुकटी असते, आणि सिलिकाची बारीक धूळ फुप्फुसात जाते, आम्हाला मास्क लावायला सांगतात तर मांजर काय लावणार.

कळंबेकर:

बापरे. हो, गोळे होणारंच आहे. ग्लासात टाकून बघितलं, तळाला चिखल बसला आणि चमचा उभा राहिला. आई आता गडहिंग्लजची बॅग भरायचं सोडून भुऱ्याच्या काळजीत आहे. त्याच्या शीमध्ये परवा करड्या गाठी दिसल्या होत्या, मी म्हटलं हाडं खाल्ली असतील. बाकी खातोय पितोय, खेळतोय. नेऊ का दाखवायला? आणि तोपर्यंत पाणी कमी देऊ का, म्हणजे फुगणार नाही?

शिरवळ_फायनलइयर:

पाणी अजिबात कमी करू नका, उलट भरपूर पिऊ दे. पाणी कमी झालं की आतलं सगळं अजून घट्ट होतं. मोल्डर काकांनी सांगितलं ते बरोबर आहे, फक्त एक, थोडं थोडं पोटात गेलेलं लिटर मोठ्या कुत्र्यात बहुतेक वेळा शीतनं निघून जातं, तुम्हाला गाठी दिसल्या म्हणजे निघतंय. काळजी कधी करायची तर परत परत उलटी, खाणं सोडणं, शी होत नाही किंवा नुसता जोर करतोय, पोट ताठ, एका कोपऱ्यात पडून राहणं. ह्यातलं काही दिसलं तर उद्या बघू म्हणू नका, त्याच दिवशी न्या, एक्स-रे काढतील. घरी एरंडेल वगैरे पाजू नका. लहान जातीच्या कुत्र्याला किंवा पिल्लाला हे अडकायची भीती जास्त, भुऱ्याच्या आकाराचा त्याला फायदा आहे.

तरी डीवर्मिंगला जाल तेव्हा शीचा ताजा नमुना डबीत घेऊन जा, दोघांचा वेगवेगळा, नाव घालून.

जुना_बुधवार:

आमच्या लहानपणी कुठलं लिटर आणि कुठला बॉक्स. परड्यात मांजर जायचं, स्वतः उकरायचं, स्वतः झाकायचं. पावसात चुलीतली राख घमेल्यात घालून न्हाणीत ठेवायची. कुत्रं दारात, मांजर माळ्यावर, ज्याची त्याची पायरी. आता कुत्री सोफ्यावर घेतली आणि मग तोंड पुसलं म्हणून रडताय. मांजराला बाहेर सोडा, सगळा प्रश्न मिटतो.

तेरावी_गल्ली:

काका परडं कुठनं आणायचं, ते चौथ्या मजल्यावर असतील. आणि खाली सोडली तर सोसायटीतली भटकी कुत्री आहेत, गाड्या आहेत, शेजाऱ्याच्या कुंड्या आहेत. घरातल्या घरात वाढलेली मांजर आहे ती. राखेचं म्हणाल तर लाकडाची राख कोरडी आहे तोवर ठीक, ओली झाली की तिचा क्षार उतरतो, पायाची कातडी निघते. आमच्या आज्जीनं त्याच राखेनं भांडी घासली आयुष्यभर, तिच्या हाताकडं बघून सांगतो.

गंगावेसची_पोर:

मी जरा ठमीच्या बाजूनं बोलतो, कारण सगळे कुत्र्याचंच बघायलेत. मांजर बॉक्समध्ये असताना तिला पळायची वाट पाहिजे. तुम्ही झाकणवाला बॉक्स आणला, त्याला दार एकच, आणि दारात ३६ किलोचा लॅब वाट बघत उभा. आमच्या मनीनं असंच दोन दिवस रोखून धरलं होतं, मग गादीवर केलं. बोक्यात तर हे अजून वाईट, मूत अडकून जिवावर बेततं. तेव्हा जे काय गेट बिट कराल ते आधी ठमीला आवडतंय का बघा. वर जायला उडी मारायची सोय करणार असाल तर तिचं वय किती ते पण बघा, म्हाताऱ्या मांजराचे सांधे दुखतात, ती उडी टाळते आणि खालीच कुठंतरी करते.

बॉक्स मोठा घ्या, मांजर नाकापासनं शेपटीच्या बुडापर्यंत जेवढी लांब त्याच्या दीडपट तरी. दुकानातले बॉक्स बहुतेक लहानच असतात. मी तर कपडे ठेवायचा प्लास्टिकचा मोठा बॉक्स घेतला, उंच भिंतीचा, झाकणाला वरनं ताटलीएवढं भोक पाडलं, कडेला गाडीच्या दाराचं रबर बिडिंग लावलं म्हणजे पोटाला घासत नाही. मनी वरनं आत उडी मारते, वरनं बाहेर येते, पायाची वाळू झाकणावरच झडते. आमच्यात पॉमेरियन आहे, तिला साखळीचा उपाय चालत नाही कारण जिथनं मनी जाते तिथनं ती पण जाते. तिला हे वरचं भोक चढता येत नाही. लॅबला मात्र ह्याचा उपयोग शून्य, तो मान लांब करून पुढ्यात जेवायला वाढल्यासारखं खाईल.

आणि घरात कुणी गरोदर असेल तर टोक्सोप्लाझ्माचं, म्हणजे मांजराच्या शीतनं पसरणाऱ्या परजीवीचं, लोक लई घाबरवतात. मी बाळंतपणाला माहेरी गेलतो तर सगळी गल्ली सांगायला, मांजर सोडून दे, मांजर सोडून दे. आमच्या डॉक्टर बाईंनी शांतपणे सांगितलं की घरातच राहणारं आणि कच्चं मटण न खाणारं मांजर असलं तर धोका फार कमी, तरी लिटर दुसऱ्या कुणीतरी उचलायचं आणि रोजच्या रोज उचलायचं, कारण त्याची अंडी बाहेर पडल्यावर लागण करण्याजोगी व्हायला एक ते पाच दिवस लागतात. नऊ महिने नवऱ्यानं उचललं. मनी अजून आहे, पोरगी पण मस्त आहे.

शिरवळ_फायनलइयर:

ताई एकदम बरोबर. त्यात एवढंच घालते, कच्चं मटण तुम्ही पण नीट शिजवून खा आणि भाजी धुवून घ्या, माणसाला टोक्सो बऱ्याचदा तिकडनं होतो. आणि लिटर बदलायचं असेल कळंबेकर, तर एका रात्रीत बदलू नका. ठमी आधीच घर बदलून आलीय. शेजारी दुसरा बॉक्स ठेवा, त्यात नवीन लिटर घाला, आपोआप जायला लागली की जुना काढा. लाकडाच्या पेलेट चालतील, ओल्या झाल्या की त्यांचा भुसा होतो, चिकटत नाहीत. टोफूचं लिटर मिळतं ते सोयाबीनच्या चोथ्याचं असतं, पण भुऱ्या ते शीसकट चवीनं खाईल असं वाटतंय.

मोल्डर_शिरोली:

लाकडाचा भुसा पाहिजे असेल तर टिंबर मार्केटला सॉ मिलवर पोत्यानं मिळतो. फक्त प्लायवूड नाहीतर एमडीएफ कापल्याचा घेऊ नका, त्यात डिंक असतो. एकदम बारीक पिठासारखा पण नको, रंध्याच्या साली निघतात त्या चांगल्या. पावसाळ्यात पोतं उघडं ठेवलं की भुसा ओल धरतो आणि दोन दिवसात बुरशी, म्हणून झाकणाच्या डब्यात.

कागलकर_कारवानी:

साखळीवाल्या उपायाला माझा विरोध नाही पण माझ्याकडं कारवानी, म्हणजे शिकारी जातीचं सडपातळ कुत्रं आहे, त्याला साखळी आणि पाचर म्हणजे काहीच नाही. तोंड निमुळतं, पाच इंचाच्या फटीतनं मान जाते, छाती खोल आहे म्हणून तिथं अडकतो आणि मग घाबरून दार घेऊनच मागं सरकतो. बाजारातलं बेबी गेट आणलं तर ते अडीच फुटाचं, त्यानं पळत येऊन उडी मारायची पण तसदी घेतली नाही, उभ्या उभ्या पार केलं. शेवटी उद्यमनगरातनं फॅब्रिकेटरकडनं गेट करून घेतलं. कळंबेकरांना सांगतो कारण तुमच्या भुऱ्यानं आज ना उद्या पाचर चावून काढली तर हे लागणार.

इंची स्क्वेअर पाईपची चौकट, आत उभे बार. आडवे घेऊ नका, आडव्यावर पाय देऊन चढतात, लहान पोरं पण आणि कुत्री पण. दोन बारात अडीच इंचाच्या वर फट नको. खाली मांजरासाठी खिडकी सोडायची, सहा रुंद सात उंच, आणि ती जमिनीपासनं चार-पाच इंच वर, म्हणजे कुत्र्याला खालनं नखं घालून ओढायला मिळत नाही. लॅब असेल तर साडेतीन फूट उंची पुरते, माझं पाच फुटाचं आहे. बॉक्स गेटपासनं लांब ठेवा, कमीत कमी कुत्र्याची मान आणि पुढचा पाय जेवढा आत येतो त्याच्या पलीकडं. आमच्यात पहिल्या आठवड्यात पंजा घालून बॉक्स ओढून घेतला होता पठ्ठ्यानं.

वेल्डिंग झालं की कडा हातानं तपासा, ग्राइंडर नीट मारून घ्या, मांजराच्या पोटाला खरचटतं. आणि ऑइल पेंट मारला तर पूर्ण वाळून वास जाईपर्यंत घरात लावू नका, एकतर मांजर त्या वासानं जवळ येत नाही आणि दुसरं म्हणजे लॅब चाटणार.

गेट लावलं तरी एक गोष्ट शिकवून ठेवाच. तोंडात काही घेतलं की ओरडत मागं पळायचं नाही. तुम्ही पळालात की त्याला वाटतं माल भारी आहे, म्हणून गिळतो. शांत आवाजात 'सोड' म्हणायचं आणि हातात त्याहून चांगलं काहीतरी दाखवायचं, आम्ही उकडलेल्या चिकनचे तुकडे ठेवतो, आधी साध्या बॉलवर शिकवायचं, मग चपलेवर, मग ह्या असल्या गोष्टींवर. रस्त्यावरनं फिरवताना पण उपयोगी पडतं, आमच्या रस्त्यावर काय काय पडलेलं असतं ते सांगत नाही, तुम्ही म्हणालात लोक जेवत असतील.

बावड्याचा_वाघ:

चटणीचं मी गमतीनं बोललो होतो हो, पण कांद्या लसणाचं खरंच माहीत नव्हतं. आमच्या टायगरला रोज मटणाच्या रश्श्यातली भाकरी कुस्करून घालतोय आई. बंद करायला पाहिजे का?

शिरवळ_फायनलइयर:

बंदच करा. रश्श्यात कांदा लसूण तर असतोच, वर मीठ आणि तेल. मसाला घालायच्या आधी बिनमिठाचं शिजवलेलं मटण थोडं बाजूला काढा आणि त्यात भाकरी कुस्करा, टायगरची तक्रार येणार नाही. शिजवलेली हाडं मात्र देऊ नका, त्यांचे टोकदार तुकडे होतात.

कळंबेकर:

सगळ्यांचे लई आभार. आज हुक आणि साखळी आणली, सध्या दार साडेचार इंच उघडं आहे. ठमी दोन मिनिटात आत बाहेर करायला लागली. भुऱ्या फटीत नाक घालून बसलाय आणि मोठमोठे सुस्कारे सोडतोय, आईला आता त्याचीच दया यायला लागलीय. पेलेटची पिशवी मागवलीय, दुसरा बॉक्स उद्या आणतो. पाचर त्यानं हुंगून झालीय, अजून चावली नाही, पण कागलकर म्हणतात तसं होणार असं वाटतंय म्हणून शनिवारी उद्यमनगरला जातोच. दार सव्वादोन फुटाचं आहे. मांजराची खिडकी बिजागरीच्या बाजूला सोडायला सांगू का कडीच्या?

कागलकर_कारवानी:

बिजागरीच्या बाजूला. कडीच्या बाजूला भुऱ्या रेटणार, तिथं चौकट अखंडच पाहिजे. आणि गेट पूर्ण नव्वद अंशात उघडेल असं माप द्या, तुमची वॉशिंग मशिन आत आहे म्हणालात, बिघडली तर बाहेर काढायला गेटच कापायची वेळ येईल.